अप्रकाशित आवाज कुणाचा? वामनदादा कर्डक आणि घराघरांतल्या कॅसेटी

मंडळी, आजचा विषय कळवला तेव्हा संयोजकांनी विचारलं, सर, तत्त्वज्ञानाचा आणि कॅसेटींचा काय संबंध? संबंध आहे. थोडा वेळ द्या, येतो तिथपर्यंत.

परदेशात गेली तीसेक वर्षं एक प्रकार चांगला रुळला आहे. स्वतःच गाणं लिहायचं, स्वतःच चाल लावायची आणि स्वतःच गायचं, असा एखादा कवी-गायक नावारूपाला येतो. मग त्याची बाजारात न आलेली ध्वनिमुद्रणं, अर्धवट राहिलेली, तीन-तीनदा गाऊन पाहिलेली, कंपनी कपाटातून बाहेर काढते आणि जाडजूड पेटीत घालून विकते. सोबत फोटोंचं पुस्तक. बॉब डिलनच्या अशा पेट्या १९९१ पासून निघत आहेत. १९६७ साली वुडस्टॉकजवळच्या एका घराच्या तळघरात मित्रांबरोबर त्याने गाणी टेपवर घेतली होती. त्यातली काही १९६९ मध्ये चोरून बाहेर आली, काही १९७५ मध्ये रीतसर आली, आणि १३८ मुद्रणांची सहा सीडींची पेटी निघायला २०१४ उजाडलं.

यामागे सगळं कलाप्रेमच असतं असं समजू नका. युरोपात ५० वर्षांत प्रसिद्ध न झालेल्या ध्वनिमुद्रणावरचा हक्क संपतो आणि प्रसिद्ध झालं तर तो ७० वर्षांपर्यंत वाढतो. म्हणून २०१२ मध्ये डिलनच्या कंपनीने एक संच जेमतेम शंभरेक प्रतींचा काढला. लोकांनी ऐकावा यासाठी तो नव्हताच, हक्क बुडू नये यासाठी होता.

आता आपल्याकडे या. आपल्याकडचा असा कवी-गायक कोण, म्हटलं तर माझ्या डोळ्यांपुढे वामनदादा कर्डक येतात. जन्म १९२२, सिन्नर तालुक्यातलं देशवंडी. मृत्यू २००४, नाशिक. (जलसाकार भीमराव कर्डक वेगळे. नावांची गल्लत नेहमी होते, म्हणून सांगून ठेवतो.) वामनदादा शाळेत गेलेले नव्हते. मुंबईत गिरणीकामगार म्हणून राहत असताना कुणीतरी पत्र वाचायला दिलं, ते वाचता आलं नाही, त्याची लाज वाटली आणि हा तरुण माणूस मुळाक्षरं गिरवायला बसला. १९४३ मध्ये पहिलं गाणं झालं. पुढे साठ वर्षं गावोगाव, वस्त्यावस्त्यांत, चौदा एप्रिलच्या मांडवात हा माणूस गात राहिला. ‘वाटचाल’, ‘मोहळ’, ‘हे गीत वामनाचे’ हे संग्रह छापले गेले. म्हणजे शब्द पुष्कळसे वाचले. आवाजाचं काय?

आवाज स्टुडिओत फार कमी गेला. तो कुठे असेल, तर लोकांच्या टेपरेकॉर्डरमध्ये. कार्यक्रमाला कुणीतरी पोरगा मंचाच्या कडेला यंत्र ठेवून लाल बटण दाबायचा, बस्स. उद्या कुणी म्हणालं की वामनदादांच्या अप्रकाशित ध्वनिमुद्रणांचा संच काढू या, तर त्याला कंपनीचं कपाट उघडून भागणार नाही. त्याला लोकांच्या घरातल्या पेट्या, माळे, पत्र्याचे डबे उघडावे लागतील.

इथे माझा तत्त्वज्ञानाचा मुद्दा येतो. ‘अप्रकाशित’ म्हणजे नेमकं काय? डिलनचं तळघरातलं गाणं अप्रकाशित होतं, कारण ते तळघरात मित्रांबरोबर गायलेलं होतं, लोकांपुढे नव्हे. पण वामनदादांनी भर चौकात, कर्ण्यावरून, हजार माणसांपुढे गायलेलं गाणं अप्रकाशित कसं? त्याच्याहून उघडं दुसरं काय असतं? ते विकलं गेलं नाही एवढंच. आपण ‘न विकलेलं’ या अर्थाने ‘अप्रकाशित’ म्हणतो आणि मग नकळत असं धरून चालतो की दुकानात पोचलं तेच प्रकाशात आलं. हा शब्दाचा घोळ साधा वाटतो, पण त्यावर पुढचे सगळे निर्णय अवलंबून आहेत.

कसे, ते सांगतो. स्टुडिओतल्या गायकाचे पहिला, दुसरा, सातवा प्रयत्न असतात आणि त्यातून एक निवडून तो म्हणतो, हे माझं गाणं. बाकीचे त्या वाटेवरचे टप्पे. ते नंतर छापावेत की नाही, हा संकोचाचा प्रश्न खरा आहे. काफ्काने मित्राला सांगितलं होतं, माझी हस्तलिखितं जाळ. मित्राने जाळली नाहीत आणि जगाला ‘द ट्रायल’ मिळाली. विट्गेनस्टाइनचं ‘फिलॉसॉफिकल इन्व्हेस्टिगेशन्स’ तर तो गेल्यावर दोन वर्षांनी, १९५३ मध्ये आलं. मी आयुष्यभर ते पुस्तक शिकवलं, त्यामुळे मरणोत्तर प्रकाशनाविरुद्ध बोलण्याचा मला फारसा अधिकार नाही!

पण मांडवात गाणाऱ्याचे असे टप्पे नसतात. नाशिकला एक कडवं जास्त, दुसऱ्या गावी एक कमी, समोर बायका जास्त बसल्या असतील तर क्रम वेगळा. यातलं पक्कं कुठलं आणि कच्चं कुठलं? माझं मत असं की कुठलंच कच्चं नाही. ओवी-अभंगांच्या पाठभेदांचा ज्यांनी अभ्यास केलाय त्यांना हे नवीन वाटणार नाही. म्हणून संपादकाने ‘सर्वांत शुद्ध’ एक मुद्रण निवडून बाकीची बाजूला टाकली, तर तो या परंपरेला स्टुडिओचा नियम लावतोय असं मी म्हणेन.

माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याच्या घरी, इथेच भिवंडीत, एक कॅसेट ऐकली. गाणारा वामनदादा नव्हे, वस्तीतला एक गायक, पण गाणी बरीचशी त्यांचीच. मागे यंत्रमागांची खटखट अखंड चालू. मधे वीज जाते, आवाज बंद पडतो, आणि पुढचं गाणं वेगळ्या दिवशीचं. दोन कडव्यांच्या मधे देणगी पुकारली जाते: अमक्याकडून एकावन्न रुपये, तमक्या मावशींकडून अकरा. शेवटच्या कडव्यात ‘वामन’ ही नाममुद्रा मात्र त्या गायकाने जशीच्या तशी ठेवली होती. आपल्या कवितेची मालकी सांगायची ही जुनी, नामदेव-तुकारामांपासूनची रीत. कॅसेटवर कवीचं नाव छापलेलं नसतानाही कवी गाण्यातच बसलेला.

आता या कॅसेटची सफाई करायची म्हटली तर तंत्रज्ञ पहिल्यांदा काय कापील? मागांची खटखट आणि देणग्या. माझा त्याला विरोध आहे. ज्यांनी अकरा रुपये दिले त्यांची नावं दुसरीकडे कुठे नोंदलेली नाहीत.

कायद्याचं थोडं बोलतो. वकील नाही मी, पण वाचलंय. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात एका गाण्यात तीन हक्क एकावर एक बसलेले असतात. शब्दांचा हक्क कवीच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षं, म्हणजे वामनदादांच्या बाबतीत २०६४ अखेरपर्यंत, त्यांच्या वारसांकडे किंवा त्यांनी ज्यांना दिला असेल त्यांच्याकडे. गाण्याच्या सादरीकरणावर गायकाचा हक्क, तो ५० वर्षं. आणि ध्वनिमुद्रणाचा हक्क, प्रसिद्धीनंतर ६० वर्षं. गंमत बघा, ही मोजणी प्रसिद्धीपासून सुरू होते, म्हणजे डब्यात पडलेल्या कॅसेटचं घड्याळ सुरूच झालेलं नाही. युरोपच्या बरोबर उलट. हा तिसरा हक्क मुद्रणाचा पुढाकार आणि जबाबदारी घेणाऱ्याचा, म्हणजे बहुधा त्या लाल बटणवाल्या पोराचा! स्वतःपुरतं मुद्रण करायला कायद्याची हरकत नाही. पण ते सार्वजनिक करायचं तर तिघांचीही संमती हवी. लोकांनी याला घाबरून कॅसेटी दडवू नयेत. प्रत करून सांभाळणं हे एक काम आणि प्रसिद्ध करणं हे दुसरं.

हे होऊ शकतं याचा आपल्याकडे नमुना आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइतवँ यांनी पुण्यातून सुरुवात करून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या, हजाराहून जास्त गावांतून, एक लाखाच्या वर. नव्वदच्या दशकात बर्नार्ड बेल या कामात आले आणि त्यातल्या बऱ्याच ओव्यांचं ध्वनिमुद्रण झालं. ते आता ‘परी’ या संस्थेच्या संकेतस्थळावर फुकट ऐकता येतं. मला त्यातलं सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हे की ओवीखाली बाईचं नाव आहे, गाव आहे. ‘लोकगीत’ म्हणून सगळ्यांचं आणि कुणाचंच नाही, असं तिथे केलेलं नाही.

तेव्हा कामाचं. तुमच्याकडे कॅसेट असेल तर आधी तिच्या पाठीवरच्या दोन बारीक पट्ट्या तोडा, म्हणजे चुकून वर दुसरं काही भरलं जाणार नाही. पांढरी बुरशी दिसली तर ती चालवून बघू नका, यंत्राच्या डोक्यावर बुरशी बसते आणि पुढची कॅसेटही खराब होते. आपल्या खाडीकाठच्या दमट हवेत हे फार होतं. नव्वद मिनिटांची फीत साठवाल्यापेक्षा पातळ असते, ती भरभर पुढे-मागे पळवू नका. प्रत करायला तासाच्या फितीला तासच लागतो, यात घाई चालत नाही. आवाज न दाबता, न कापता आधी मूळ प्रत जशीच्या तशी उतरवून घ्या, सफाई करायचीच तर तिच्या दुसऱ्या प्रतीवर.

आणि हे सगळं करण्याआधी घरातल्या वडीलधाऱ्यांना ती ऐकवा. पेटी कोण वाजवतंय, ढोलकीवर कोण आहे, मांडव कुठल्या गल्लीत होता, साल कुठलं, हे त्यांना विचारा आणि कागदावर लिहून कव्हरमध्ये घाला. पेन्सिलीने लिहा, शाई पसरते.

बरं, आता प्रश्न घेऊ.