अपघातानंतरचा पहिला तास

स्कूटरवरून जाणाऱ्या एका माणसाला भरधाव मोटारीने उडवले. रस्त्यावरच्या एका भल्या गृहस्थाने त्या रक्तबंबाळ जखमीला उचलून जवळचे हॉस्पिटल गाठले. पण पोलीस केस हाताळण्याची परवानगी नसल्याचे सांगून डॉक्टरांनी त्याला सुमारे 20 किलोमीटरवरच्या दुसऱ्या हॉस्पिटलची वाट दाखवली. तिथे पोहोचण्यापूर्वीच त्याने प्राण सोडला.

ही बातमी वाचून परमानंद कटारा यांनी सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली. न्यायालयाने 28 ऑगस्ट 1989 रोजी निक्षून सांगितले की, डॉक्टर सरकारी असो वा खासगी, जखमीचा जीव वाचवणे हे त्याचे पहिले कर्तव्य. पोलिसांची कागदपत्रे नंतर.

मदत करणाऱ्याला संरक्षण

तरीही 'नसती ब्याद कशाला?' म्हणून बघे पुढे येत नाहीत. वास्तविक 2019 च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात 134अ हे कलम आले आहे. सद्हेतूने मदत करणाऱ्यावर खटला भरता येत नाही आणि नाव सांगण्याची सक्तीही करता येत नाही.

दुसरी भीती पैशांची. चंदीगडच्या सेक्टरांचे आकडे मोजत गेले की, ते शेजारच्या पंजाबातील मोहालीत शिरतात. सेक्टर 67 मोहालीतलाच. रस्ते एकमेकांना जोडलेले, पण प्रशासन वेगळे. अपघातग्रस्तांवर रोख पैसे न घेता उपचार करण्याची केंद्राची प्रायोगिक योजना 14 मार्च 2024 रोजी चंदीगडमध्ये सुरू झाली. जखमीला हद्द कुठली ठाऊक? 5 मे 2025 पासून ही योजना देशभर लागू झाली. अपघाताच्या दिवसापासून सात दिवसांपर्यंत, दीड लाख रुपयांपर्यंतचे उपचार योजनेतील हॉस्पिटलांत मिळतात. त्यासाठी पोलिसांकडे अपघाताची नोंद होणे जरुरीचे आहे.

काय करावे, काय टाळावे

प्रथम 112 किंवा 108 वर फोन करावा. जखमी बेशुद्ध असेल, तर पाणी, चहा पाजू नये. ते श्वासनलिकेत जाऊ शकते. वाहत्या रक्तावर स्वच्छ रुमाल किंवा ओढणी घट्ट दाबून धरावी. बाहेर आलेले हाड आत ढकलू नये.

जखमीला हातपाय धरून रिक्षात कोंबल्यास दुखावलेल्या मणक्याला कायमची इजा होऊ शकते. डोके, मान व पाठ एका रेषेत ठेवून चौघांनी मिळून फळीवर घ्यावे. श्वास अडत नसेल, तर हेल्मेट काढायची घाई नको. काढावेच लागले, तर एकाने मान स्थिर धरावी आणि दुसऱ्याने ते हळूच काढावे.

'काही झाले नाही' म्हणणारा जखमी

कित्येकदा पडलेला माणूस कपडे झटकून घरी येतो, जेवतो आणि झोपतो. कवटीच्या आत हळूहळू रक्त साचत असेल, तर काही तासांनी प्रकृती ढासळते. उलट्या, वाढती डोकेदुखी, असंबद्ध बोलणे, जागे करूनही न सरणारी गुंगी, कानानाकातून रक्त किंवा पाणी येणे यांपैकी काहीही दिसले, तरी सकाळची वाट पाहू नये. तत्काळ सीटी स्कॅनची सोय असलेले हॉस्पिटल गाठावे.

खांद्यावर आपटल्यावर हात लुळा पडला, तर मानेतून हाताकडे जाणाऱ्या नसा ताणल्या किंवा तुटल्या असण्याची शक्यता असते. पुष्कळ घरांत मालिशीतच महिने जातात. वास्तविक गरज पडल्यास नसांची शस्त्रक्रिया पहिल्या तीन ते सहा महिन्यांत होणे हिताचे; नंतर स्नायू वाळत जातात. उघडे फ्रॅक्चरही हाडवैद्याकडे नेऊ नये. जखम वेळीच धुऊन प्रतिजैविके न दिल्यास हाडात पू होतो.

हेल्मेट खुंटीला नको

2022 साली देशात रस्ते अपघातांत 1,68,491 माणसे मृत्युमुखी पडली. त्यांपैकी सुमारे 44 टक्के दुचाकीवरची होती. हेल्मेट न घातलेल्या मृतांची संख्या 50 हजारांहून अधिक होती आणि त्यांत 14 हजारांवर मागे बसलेले होते. म्हणजे बहुतेक घरांत जिच्यासाठी दुसरे हेल्मेट घेतलेच जात नाही, ती पत्नी, आई किंवा मुलगी!

तेव्हा आयएसआय खुणेची दोन हेल्मेट घ्यावीत आणि हनुवटीखालचा पट्टा न विसरता लावावा. पदर, ओढणी खोचून बसावे. दूध आणायला कोपऱ्यापर्यंतच जायचे असले, तरीसुद्धा.