जुना तिक आणि ‘तकानात हशावीम’

आपल्या घरांत ज्याविषयी कोणी मोठ्याने बोलत नाही, त्याविषयी आज चार शब्द. तरुणपणी दिमोनात किंवा लोदला कुणाशी हातघाई झाली, मिश्तारा आली, तिक उघडला. ते कागद अजून आहेत का, ही धास्ती कित्येक आजोबांच्या मनात आहे.

तिक खटला न भरताच बंद झाला असेल, तर बंद होण्याचे कारण बघा. दोष नाही म्हणून बंद झाला तर प्रश्नच मिटला. ‘पुरावा अपुरा’ असेल तर नोंद पोलिसांकडे राहते. मग कारण बदला किंवा नोंद रद्द करा, असा अर्ज पोलिसांकडे करता येतो.

कोर्टाने दोषी ठरवले असेल तर दोन पायऱ्या आहेत. पहिली हितयाश्नुत, म्हणजे नोंद जुनी होते आणि मोजक्याच सरकारी खात्यांना दिसते. दुसरी मेहिका, म्हणजे पुसणे. 1981 च्या कायद्यात दंडाला किंवा एक वर्षापर्यंतच्या कैदेला 7 वर्षांनी पहिली आणि त्यानंतर 10 वर्षांनी दुसरी पायरी होती. 2019 मध्ये नवा कायदा मंजूर झाला, त्यात मुदती नव्याने ठरल्या. मोठ्या शिक्षेला जास्त काळ लागतो, मध्ये पुन्हा शिक्षा झाली तर आणखी. मेहिका झाली की कायदा तुम्हाला दोषी ठरलेला मानत नाही. थांबणे शक्य नसेल तर राष्ट्राध्यक्षांकडे हनिनाचा अर्ज असतो. तो न्यायमंत्रालयात तपासला जातो.

या कायद्याच्या नावातले ‘तकानात हशावीम’ हे शब्द मिश्नाच्या गित्तीनमधले आहेत. चोरलेली तुळई घरात बसवली असेल, तर घर पाडायला लावू नका, किंमत घ्या. नाहीतर परत फिरू पाहणारा फिरणारच नाही. हे मला फार शहाणपणाचे वाटते.

नातवाला नोकरी देणारा मालक ‘तुझी पोलिसातली नोंद आणून दाखव’ म्हणाला, तर कायद्याने खास परवानगी असल्याखेरीज त्याला ते मागता येत नाही. अमेरिकेच्या व्हिसाचे मात्र वेगळे. त्या फॉर्मवर माफी मिळालेला गुन्हाही विचारतात. तिथे लपवू नका, खोटे उत्तर जुन्या गुन्ह्यापेक्षा महाग पडते.

स्वतःची नोंद पोलीस ठाण्यात जाऊन बघता येते, तेउदत झेहूत बरोबर न्या. हिब्रू फॉर्म भरायला जड वाटला तर नगरपालिकेच्या ‘शील’ केंद्रात फुकट सल्ला मिळतो.