वासाचा माग

सकाळी ९
बीडमध्ये जालना रोडला गॅरेज आहे. वासाची तक्रार असलेली गाडी रात्रभर काचा लावून ठेवायला सांगतो. दार उघडल्यावरचा पहिला श्वास महत्त्वाचा, कारण नाक वासाला लगेच सरावतं. सेंटची बाटली आधी बाहेर काढतो.

९.३०
एसी लावला की कुबट वास. कूलिंग कॉइलवर हवेतलं पाणी साचतं, त्यात धूळ बसून बुरशी धरते. केबिन फिल्टर मातीनं भरलेला, डाव्या पायाखालचं मॅटिंग ओलं. पाणी जायचा पाइप तुंबला होता. हवा मारताच गाडीखाली पाणी ठिबकायला लागलं. कॉइल धुतली. "दादा, घर जवळ आलं की एसी बंद करून ब्लोअर तेवढा चालू ठेवा, कॉइल वाळते."

११
पाटोद्याची गाडी, आत गोडसर वास. अशा वेळी आधी कूलंट बघतो. हीटरचा छोटा रेडिएटर गळला की असाच वास येतो, काचेवर चिकट वाफ धरते आणि ते कूलंट विषारी असतं. इथं पातळी बरोबर निघाली. सीट उचलली, तर खाली फुटलेलं सीताफळ. बालाघाटाच्या डोंगरातल्या या फळाला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालं. पिकलं की मात्र ते फार दम धरत नाही. मॅटिंग काढून धुतलं, उन्हात टाकलं.

दुपारी १.३०
फोन आला, गाडीत पेट्रोलचा वास येतोय. "मावशी, चावी फिरवू नका, दारं उघडी ठेवून लांब थांबा." बिंदुसरा नदीपलीकडं जाऊन पाहिलं, तर उंदरानं पेट्रोलचा रबरी पाइप कुरतडलेला. जागेवरच बदलला.

४
धारूरचा घाट चढून आलेली भरली गाडी, जळका वास. अर्धा क्लच दाबून चढवल्यानं प्लेट घासली होती. घाटात पाय क्लचवर ठेवायचा नाही, हे चालकाला शेजारी बसवून दाखवलं.

६
शेवटी प्रत्येक गाडीचे सायलेन्सरचे जोड आणि डिक्कीचं रबर तपासतो. तिथून धूर आत शिरतो आणि त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला वासच नसतो. रात्री भाडं घेऊन जाणाऱ्यांना मी आवर्जून सांगतो: इंजिन चालू ठेवून बंद गाडीत झोपू नका. सेंट मागणाऱ्यांनाही एक सांगणं आहे: वास ही गाडीनं दिलेली सूचना आहे. ती दाबून टाकू नका, कुठून येतेय ते शोधा.