विद्यापीठाच्या खर्चास कात्री : विस्कॉन्सिनच्या शेतकऱ्यांचा अनुभव

सरकारच्या अंदाजपत्रकांत तूट पडली, कीं खर्च कोठें कमी करावा हा प्रश्न पुढें येतो, आणि अशा वेळीं विद्यापीठाच्या अनुदानाकडे बोट दाखविणें फार सोपें असतें. रस्ता खचला तर गाड्या अडतात, कालवा फुटला तर गांव ओरडतें. परंतु प्रयोगशाळेंतील एक जागा पांच वर्षें रिकामी राहिली, तर तिची हांक कोणाच्याहि कानीं पडत नाहीं. शेतकऱ्यास तर हा प्रश्न अधिकच परका वाटतो. "ज्याचा मुलगा पदवी घेणार त्यानें फी भरावी, आमचा मुलगा शेतांत राबणार, मग आम्हीं कर कां द्यावा?" असें कित्येक चांगल्या बागाईतदारांच्या तोंडून आम्हीं ऐकिलें आहे. हा आक्षेप हंसण्यावारी नेण्याजोगा नाहीं. म्हणूनच, जेथें हा वाद शेतकऱ्यांच्या डोळ्यांदेखत झाला, त्या अमेरिकेंतील विस्कॉन्सिन राज्याची हकीकत वाचकांपुढें ठेवीत आहों.

विस्कॉन्सिन हा थंड मुलूख. पूर्वीं तेथें गव्हाचें पीक मुख्य होतें. जमिनीचा कस गेल्यावर व किडीनें पीक बुडूं लागल्यावर लोक गाईंकडे वळले, आणि आज तें राज्य दूध व चीज यांसाठीं प्रसिद्ध आहे. तेथील विद्यापीठ १८४८ सालीं स्थापन झालें. पुढें १८६२ सालीं अध्यक्ष लिंकन यांच्या सहीनें असा कायदा झाला, कीं प्रत्येक राज्यास त्याच्या प्रतिनिधींच्या संख्येप्रमाणें सरकारी जमीन द्यावी व तिच्या विक्रीच्या पैशांतून शेती व यंत्रविद्या शिकविणारें कॉलेज चालवावें. विस्कॉन्सिनच्या वांट्यास २,४०,००० एकर जमीन आली. म्हणजे हें विद्यापीठ आरंभापासूनच एका अर्थीं जमिनीच्या उत्पन्नावर उभें आहे.

तथापि तेथील शेतकरी या कॉलेजावर संतुष्ट होते असें मात्र नव्हे. १८८० नंतरच्या वर्षांत त्यांची तक्रार फार वाढली. पोरें पुस्तकें वाचतात, शेतीचें कांहीं कळत नाहीं, सबब शेतकीचें कॉलेज विद्यापीठापासून तोडून निराळें करावें, अशी मागणी त्यांनीं केली. विद्यापीठानें ती ऐकून घेतली. १८८५ पासून गांवोगांव शेतकऱ्यांचे मेळावे भरूं लागले, व हिवाळ्यांत शेतांत काम नसतें त्या दिवसांसाठीं शेतकऱ्यांच्या मुलांकरितां अल्प मुदतीचा वर्ग निघाला. खर्च तोडण्याची धमकी मिळाली, पण तिचा शेवट काम सुधारण्यांत झाला. ही गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे.

त्या सुधारणेचें फळ लवकरच दिसलें. त्या काळीं दूध वजनावर घेत. कोणी पाणी घालून आणो, कोणी साय काढून आणो, भाव सारखाच. प्रामाणिक मनुष्य तेवढा बुडे. विद्यापीठांतील रसायनशास्त्रज्ञ स्टीफन बॅबकॉक यांनीं १८९० सालीं एक सोपी परीक्षा काढली. दुधांत तीव्र आम्ल मिसळून नळी यंत्रांत गरगर फिरविली, कीं स्निग्धांश वर येई व नळीवरील खुणांवरून मोजतां येई. या शोधाचें पेटंट त्यांनीं घेतलें नाहीं. आपल्या गांवच्या दूध-संकलन केंद्रावर आज 'फॅट' पाहून भाव ठरतो, त्यामागें हाच विचार आहे. ज्या शेतकऱ्यानें विद्यापीठाची पायरी कधीं चढली नाहीं, त्याच्याहि पदरांत हा लाभ पडला. "आमचा मुलगा पदवी घेत नाहीं" या आक्षेपास याहून चांगलें उत्तर आम्हांस सुचत नाहीं.

दुसरी गोष्ट १९३३ सालची. तें मंदीचें वर्ष होतें. दुधास भाव नाहीं म्हणून त्या वर्षीं विस्कॉन्सिनच्या शेतकऱ्यांनीं तीन वेळां संप केले. त्याच फेब्रुवारींत, बर्फाच्या वादळांत, एक शेतकरी सुमारें दोनशें मैलांवरून मॅडिसन येथें आला. त्याच्या गाडींत एक मेलेली कालवड, दुधाच्या कॅनमध्यें न गोठलेलें रक्त आणि बुरशी आलेली स्वीट क्लोव्हर ही वैरण होती. त्याचीं जनावरें आंतल्या आंत रक्तस्राव होऊन मरत होतीं. शनिवार असल्यामुळें कचेरी बंद होती. विद्यापीठांतील कार्ल पॉल लिंक यांच्या प्रयोगशाळेचें दार तेवढें उघडें सांपडलें. लिंक यांना त्या दिवशीं एवढेंच सांगतां आलें, कीं ही वैरण घालूं नये. शेतकरी तसाच परत गेला. परंतु त्या रक्ताचा शोध तेथें चालूच राहिला, व रक्त गोठूं न देणारें द्रव्य १९३९ सालीं शुद्ध स्वरूपांत हातीं आलें. त्यांतूनच पुढें वॉरफॅरीन निघालें. १९४८ पासून तें उंदरांचें विष म्हणून विकलें जाऊं लागलें, व थोड्याच वर्षांत रक्ताच्या गुठळ्या होणाऱ्या रोग्यांचें औषध झालें.

आतां विचार करा. १९३४ सालीं एखादा हिशेबनीस त्या प्रयोगशाळेंत जाऊन "या वर्षाचें उत्पन्न काय ?" असें विचारता, तर तिला शून्य लिहून द्यावें लागलें असतें. १९३५ सालींहि शून्यच. १९३६ सालींहि तेंच.

अलीकडचा वाद याच प्रश्नावर पेटला. त्यांत एक बाजू विद्यापीठाच्या विरुद्ध आहे, ती लपवून ठेवणें बरें नव्हे. १९१३ पासून नव्हे, तर अगदीं हल्लीं, २०१३ सालीं असें उघडकीस आलें, कीं वर्षानुवर्षें फी वाढवीत असतां विद्यापीठांच्या खात्यांवर सुमारें ६५ कोटी डॉलर शिल्लक होते. त्यांतील बरीच रक्कम ठरलेल्या कामांसाठीं आहे असें विद्यापीठानें सांगितलें. पण लोकांचा विश्वास उडाला तो उडालाच. राज्यांतील विद्यार्थ्यांची फी गोठविण्यांत आली. पुढें २०१५ सालीं गव्हर्नर स्कॉट वॉकर यांनीं दोन वर्षांत मिळून ३० कोटी डॉलर अनुदान कमी करण्याचें सुचविलें, व कायदेमंडळानें २५ कोटींची कपात मंजूर केली. अध्यापकांनीं आणखी एखादा वर्ग घ्यावा म्हणजे भागेल, असें गव्हर्नरसाहेबांचें म्हणणें होतें. त्याच विधेयकांत विद्यापीठाच्या ध्येयांतून सत्याचा शोध हे शब्द गाळून राज्यास लागणारे कामगार तयार करणें हा हेतु घालण्यांत आला होता. गदारोळ होतांच तो बदल मागें घेतला गेला. कपात मात्र कायम राहिली. फीहि वाढवितां येईना व अनुदानहि घटलें. विहीर आणि पाट एकाच वेळीं बंद केल्यासारखें झालें.

या कपातीचा घाव कोठें पडला, तें शेतकऱ्यांनीं नीट पाहावें. प्रत्येक काउंटींत शेतीसल्ल्याची जी कचेरी असे, तिच्या कारभारासाठीं अनेक काउंट्यांचे मिळून गट करण्यांत आले. लहान गांवांतील दोन वर्षांच्या शाखा २०१८ सालीं दूरच्या मोठ्या शाखांस जोडण्यांत आल्या. रिचलंड या शेतकरी भागांतील अशा शाखेच्या इमारती तेथील काउंटीच्या मालकीच्या. परंतु विद्यार्थी फार घटल्यामुळें २०२३ सालीं तेथील पदवीचे वर्ग बंद झाले. याचें कारण एकटी कपात नव्हे. खेड्यांतील तरुणांची संख्याहि घटली आहे. पण ज्या शाखेच्या पाठीशीं बळ उरलें नव्हतें, तीच प्रथम कोसळली. मॅडिसनचें मोठें विद्यापीठ देणग्या मिळवितें, पेटंटें विकतें, परराज्यांतील विद्यार्थ्यांकडून भारी फी घेतें. रिचलंडला यांपैकीं कांहींच साध्य नव्हतें. खर्चास कात्री लागते ती शहराच्या नांवानें, आणि कापलें जातें तें खेडें.

हा परदेशचा वाद म्हणून आपण तो सोडून देऊं शकत नाहीं. पंतनगर येथें १९६० सालीं देशांतील पहिलें कृषि विद्यापीठ निघालें, तें याच अमेरिकन कॉलेजांच्या धर्तीवर. महाराष्ट्रांतील राहुरी (१९६८), अकोला (१९६९), परभणी व दापोली (१९७२) हीं चारीहि विद्यापीठें त्याच कुळांतलीं. आपल्या ऊसवाल्यांस को ८६०३२ हा वाण सांगावयास नको. त्याच्या नांवांतील ८६ हा आंकडा १९८६ सालाचा आहे. पाडेगांवच्या संशोधन केंद्रांत पारख होऊन महाराष्ट्रासाठीं तो प्रसृत झाला १९९६ सालीं. मधल्या दहा वर्षांत त्या रोपांवर झालेला खर्च कोणत्याहि एका वर्षाच्या अंदाजपत्रकांत वायफळच दिसला असता.

आमच्या मतें शेतकऱ्यानें दोन्ही गोष्टी एकदम केल्या पाहिजेत. हिशेब कडकपणें मागावा, कारण पैसा आपला आहे. जवळच्या संशोधन केंद्रांत किती जागा रिकाम्या आहेत, कोणते प्रयोग चालू आहेत, त्यांपैकीं किती शेतांपर्यंत पोंचले, हें संघाच्या सभेंत विचारावें व उत्तर लेखी मागावें. उत्तर असमाधानकारक असेल तर १८८५ सालच्या विस्कॉन्सिनच्या शेतकऱ्यांप्रमाणें खुशाल भांडावें. पण अनुदान तोडा असें म्हणण्यापूर्वीं बर्फांतून आलेल्या त्या मनुष्याची आठवण ठेवावी. त्याच्या हातांत द्यावयास त्या दिवशीं विद्यापीठाजवळ कांहीं नव्हतें. तरी दार उघडें होतें, म्हणूनच सहा वर्षांनीं उत्तर सांपडलें.