रानातील डिंक आणि तो काढण्याची रीत

डिंक हा शब्द आपण बोलताना फार सैलपणे वापरतो. कागद चिकटवण्याच्या बाटलीतील द्रव, बाळंतिणीच्या लाडवांत तळून घातले जाणारे पिवळसर खडे आणि झाडाच्या बुंध्यावर ओघळून वाळलेला कोणताही चीक या सर्वांना एकच नाव दिले जाते. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने मात्र डिंक आणि राळ या भिन्न वस्तू होत. डिंक पाण्यात विरघळतो किंवा पाणी शोषून फुगतो. मद्यार्कात तो विरघळत नाही. राळेचे नेमके उलट असते. सालई आणि गुग्गुळ यांच्या स्रावात दोन्ही द्रव्ये असतात व त्यांत सुगंधी तेलाचीही भर पडलेली असते. म्हणून त्यांचा वर्ग वेगळा मानावा लागतो.

खरा डिंक म्हणजे अनेक शर्करांचे रेणू एकमेकांना जोडून झालेला पदार्थ. झाडाला जखम झाली, किडीने पोखरले, वणव्याची झळ लागली किंवा पाण्याचा तुटवडा पडला की सालीच्या आतील पेशींपासून तो तयार होतो आणि जखमेवाटे बाहेर येऊन तिचे तोंड बुजवतो. ओलाव्याच्या प्रदेशातील झाडेही डिंक देतात, परंतु व्यापाराला पुरेल इतका आणि चांगल्या प्रतीचा डिंक बहुधा कोरड्या प्रदेशांतूनच मिळतो. पानगळ झालेली आहे, जमीन तापली आहे, वारे उष्ण आहेत, अशा दिवसांत स्राव सर्वांत अधिक होतो. दुसऱ्या शब्दांत सांगायचे तर झाडावर ताण असतो तेव्हाच माणसाला डिंक मिळतो, आणि डिंक काढणे म्हणजे त्या ताणात आणखी भर घालणे होय. ही भर किती घालावी हाच या व्यवसायातील मूळ प्रश्न आहे.

भारतातील शुष्क आणि निमशुष्क रानांत डिंक देणारी झाडे बरीच आहेत. बाभूळ आणि खैर सर्वांच्या परिचयाचे आहेत. धावड्याचा डिंक जगाच्या बाजारात ‘घट्टी’ या नावाने ओळखला जातो. डोंगरांतील घाटवाटांनी तो बंदरांकडे येत असे, त्यावरून हे नाव पडले असे सांगतात. महाराष्ट्रात डिंकाच्या लाडवांसाठी धावड्याचा डिंक मुद्दाम मागून घेतला जातो. परंतु डिंक काढण्याची रीत, तिच्यातील कौशल्य आणि तिच्यातील धोका समजून घ्यायचा असेल तर ज्या झाडाकडे पाहिले पाहिजे ते कांडोळाचे होय.

मराठीत कांडोळ किंवा पांढरूख, हिंदीत कुल्लू किंवा गुलू, गुजरातीत कडायो आणि तेलुगूत तपसी अशी या झाडाची नावे आहेत. खडकाळ उतारावर, जेथे माती जेमतेम वीतभर असते आणि दुसरे झाड सहसा धरत नाही, तेथे ते उभे राहते. हिवाळ्यात पाने गळून गेली की त्याची पांढुरकी, कागदासारखे पापुद्रे सुटणारी साल चांदण्यात चमकते. रानात रात्री फिरणाऱ्याला तो उघडा, फांद्या पसरलेला आकार दचकवतो, आणि त्यामुळे त्याला भुताचे झाडही म्हटले गेले आहे. विल्यम रॉक्सबर्ग यांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस त्याला ‘स्टरक्युलिया युरेन्स’ हे शास्त्रीय नाव दिले. त्यातील दुसऱ्या शब्दाचा अर्थ ‘दाह करणारे’ असा आहे. झाडाच्या फळांवर ताठ, बारीक लव असते आणि ती कातडीत शिरली की आग होते. असे असूनही ही फळे काळजीपूर्वक उतरवून आतील बिया भाजून खाल्ल्या जातात. लाकूड हलके व मऊ असल्याने खेळण्यांच्या कामी येते. इमारतीला ते निरुपयोगी असल्यामुळे लाकडाच्या हिशेबात या झाडाला फारशी किंमत नव्हती.

त्याची किंमत वाढली ती डिंकामुळे. त्याच्या डिंकाला व्यापारात ‘कराया’ म्हणतात. इराण व तुर्कस्थान येथून येणारा ट्रॅगाकंथ हा डिंक महाग होता. त्यात भेसळ करण्यासाठी आणि पुढे त्याच्याऐवजी वापरण्यासाठी हा भारतीय डिंक युरोप-अमेरिकेत जाऊ लागला. भेसळीचा माल म्हणून ज्याची सुरुवात झाली त्याने विसाव्या शतकात स्वतःचे स्थान मिळवले. कराया पाण्यात पुरता विरघळत नाही, पण स्वतःच्या आकारमानाच्या कित्येक पट पाणी पिऊन फुगतो आणि चिकट होतो. या एका गुणावर त्याचे बहुतेक उपयोग आधारलेले आहेत. सारक औषधांत तो आतड्यात फुगून मळ मऊ करतो. कृत्रिम दातांची कवळी हिरडीवर बसवण्याच्या भुकटीत तो असतो, कारण तोंडातील ओलाव्याने तो फुगून पकड घेतो. आतड्याच्या शस्त्रक्रियेनंतर पोटावर जी पिशवी लावावी लागते तिच्या कड्यांतही त्याचा वापर झाला. खाद्यपदार्थांत तो दाटपणा टिकवण्यासाठी घालतात आणि युरोपीय यादीत त्याचा क्रमांक ई ४१६ असा आहे. उत्तर भारतातील उन्हाळी सरबतांत ‘गोंद कतीरा’ म्हणून जो पदार्थ घातला जातो तो पुष्कळदा हाच असतो.

डिंक काढण्याचा हंगाम पावसाळ्यानंतर सुरू होतो, थंडीच्या मध्यास थांबतो आणि पुन्हा उन्हाळ्यात, एप्रिलपासून पाऊस पडेपर्यंत चालतो. उन्हाळी डिंक सर्वांत पांढरा आणि चिकटपणात सर्वांत सरस असतो. बुंध्यावर साल काढून खाच पाडली की थोड्याच वेळात रस पाझरू लागतो. पहिल्या चोवीस तासांत त्याचा भर असतो, नंतर तो काही दिवस मंदावत जातो. हवेने घट्ट होताना त्याला गांडुळासारखे पीळ पडतात किंवा मोठे थेंब लोंबू लागतात. तीन-चार दिवसांनी डिंक खुडून घ्यायचा आणि खाचेची वरची कड किंचित खरवडून पुन्हा ताजी करायची. जाणता माणूस एवढेच करतो. एका झाडापासून एका हंगामात किलोपासून पाच किलोंपर्यंत डिंक मिळतो.

जुनी रीत मात्र कुऱ्हाडीची होती. कुऱ्हाडीचा घाव सालीपाशी थांबत नाही, तो लाकडात जातो. साल आणि लाकूड यांच्यामध्ये जिवंत पेशींचा एक पातळ थर असतो. झाडाची जाडी त्याच्यामुळेच वाढते आणि जखमही तोच भरून काढतो. कोवळ्या सालीत घेतलेली उथळ खाच दोन-तीन वर्षांत बुजते. हा थर तुटल्यावर मात्र जखम उघडी राहते, तिच्यातून बुरशी व कीड शिरते, बुंधा पोकळ होतो आणि एखाद्या वादळात झाड मोडते. बुंध्याला चहूबाजूंनी घाव घातले तर पानांत तयार झालेले अन्न मुळांकडे जाण्याचा मार्गच बंद होतो. शिवाय कुऱ्हाडीच्या घावातून मिळणारा डिंक सालीच्या तुकड्यांनी भरलेला असतो. तो जमिनीवर गळून पडला तर माती आणि वाळू त्यात कायमची मिसळते. कराया चिकट असल्याने त्यातील कचरा नंतर काढता येत नाही. बाजारात प्रत ठरते ती मुख्यतः रंगावर आणि सालीच्या प्रमाणावर. म्हणजे ज्या घावाने झाडाचे आयुष्य घटते त्याच घावाने डिंकाचा भावही घटतो. ही गोष्ट इतकी उघड असताना कुऱ्हाड इतकी वर्षे का चालली, हा प्रश्न वाचकाला पडेल.

त्याचे उत्तर झाडात नसून व्यवहारात आहे. नल्लमलाच्या डोंगरांतील चेंचू, मध्य भारतातील गोंड, सातपुड्यातील कोरकू आणि भिल्ल यांसारख्या वनवासी जमातींसाठी डिंक हे उन्हाळ्यातील, म्हणजे शेतीचे काम नसलेल्या दिवसांतील, रोख उत्पन्नाचे साधन. व्यापारी आगाऊ धान्य किंवा पैसे देत, आणि त्या कर्जाच्या फेडीत डिंक घेत. बऱ्यावाईट प्रतीला एकच भाव मिळत असेल तर निवडण्याचे कष्ट कोण घेणार? शिवाय झाड रानातले. आज आपण हलकी खाच पाडून ते राखले तरी उद्या दुसरा कोणी येऊन खोल घाव घालणार नाही याची हमी नव्हती. अशा परिस्थितीत खोल घाव घालणाऱ्याला अडाणी म्हणणे अन्यायाचे ठरेल. त्याचा हिशेब त्याच्यापुरता बरोबरच होता. झाडांची संख्या घटू लागल्यावर काही राज्यांना डिंक काढण्यावर बंदी घालावी लागली. परंतु बंदीने गरज नाहीशी होत नाही, आणि चोरून काढलेल्या डिंकाची खाच घाईची व म्हणून खोल असते.

आंध्र प्रदेशात १९५६ मध्ये गिरिजन सहकारी महामंडळ स्थापन झाले आणि वनवासींकडून डिंक थेट विकत घेण्याची व्यवस्था उभी राहिली. पुढे तेथे डिंक काढणाऱ्यांना नवी रीत शिकवण्यात आली. कुऱ्हाडीच्या जागी धारदार, छोटे हत्यार आले. नव्वद सेंटिमीटरांहून कमी घेराच्या झाडाला हात लावायचा नाही, खाच लहान व उथळ ठेवायची, बुंध्याचा मोठा भाग अभंग राखायचा, आणि काही काळ झाडाला विश्रांती द्यायची असे दंडक घालून देण्यात आले. डिंक जमिनीवर न पाडता स्वच्छ भांड्यात घ्यायचा, कापडावर पसरून वाळवायचा, चिकटलेली साल ओला असतानाच काढायची आणि रंगाप्रमाणे वेगळा करायचा. मुख्य म्हणजे प्रतीप्रमाणे वेगळा भाव देण्यात आला. शिकवणुकीपेक्षा या शेवटच्या गोष्टीचा परिणाम अधिक झाला असावा.

कायद्यातही बदल झाला. १९९६ च्या पेसा कायद्याने अनुसूचित क्षेत्रांतील ग्रामसभांना गौण वनोपजाची मालकी दिली. २००६ च्या वनहक्क कायद्याने असे वनोपज गोळा करण्याचा, वापरण्याचा व विकण्याचा हक्क वनवासींना दिला. २०१३-१४ मध्ये केंद्र सरकारने काही वनोपजांसाठी किमान आधारभूत किमतीची योजना सुरू केली, तीत कराया डिंकाचा समावेश होता.

राजस्थानच्या पश्चिम भागात चित्र निराळे दिसते. तेथील कुमट हे झाड आणि सुदानमध्ये ज्यापासून जगप्रसिद्ध अरबी डिंक निघतो ते झाड एकाच जातीचे. अरबी डिंकावाचून शीतपेयांच्या कारखान्यांचे इतके अडते की अमेरिकेने १९९७ मध्ये सुदानशी व्यापार तोडला तेव्हा या एका वस्तूला सूट द्यावी लागली. मारवाडात मात्र कुमटाची ख्याती डिंकापेक्षा त्याच्या बियांसाठी. केर, सांगरी यांच्याबरोबर त्या पंचकुट्याच्या भाजीत पडतात. नैसर्गिकरीत्या तेथील झाड जेमतेम काही ग्रॅम डिंक देते. जोधपूरच्या केंद्रीय शुष्क क्षेत्र संशोधन संस्थेने, जिचा आरंभ १९५२ च्या वाळवंट वनीकरण केंद्रात झाला, यावर उपाय शोधला. बुंध्याला तिरपे छिद्र पाडून त्यात इथेफॉन या द्रव्याचे सुमारे चार मिलिलिटर द्रावण सोडायचे आणि छिद्र ओल्या मातीने बुजवायचे. झाडात शिरल्यावर इथेफॉनपासून एथिलीन वायू सुटतो. जखम झाल्यावर झाड स्वतः जो वायू निर्माण करते तोच हा. काही दिवसांत फांद्याफांद्यांवर डिंकाचे थेंब दिसू लागतात आणि उत्पन्न अर्ध्या किलोच्या आसपास जाते. येथे झाड बहुधा शेतकऱ्याच्या बांधावर असते, त्यामुळे ते पुढच्या वर्षी जगावे अशी काळजी घेणारा धनी त्याला लाभलेला असतो.

गुग्गुळाच्या वाट्याला असा धनी आला नाही. कच्छ आणि राजस्थानातील उजाड टेकड्यांवर वाढणारे हे काटेरी झुडूप आठ-दहा वर्षांनी चीक काढण्याजोगे होते आणि एका हंगामात साधारण पाव ते अर्धा किलो देते. आयुर्वेदात त्याला पुरातन काळापासून स्थान आहे. १९६६ मध्ये बनारस हिंदू विश्वविद्यालयात जी. व्ही. सत्यवती यांनी रक्तातील मेदावर त्याचा होणारा परिणाम प्रयोगाने दाखवला आणि त्यानंतर मागणी वाढतच गेली. अधिक चीक मिळावा म्हणून काढणारे खाचेत गुग्गुळ, मोरचूद आणि घोड्याचे किंवा रानगाढवाचे मूत्र यांचा लेप भरत. चीक भरपूर येई, परंतु झुडूप त्यानंतर सहसा जगत नसे. इथेफॉनची मात्रा अधिक झाली तरी तेच घडते. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने २०१५ मध्ये गुग्गुळाची नोंद अतिसंकटग्रस्त जातींमध्ये केली, आणि भारतातील औषध-कारखान्यांना लागणारा बराचसा गुग्गुळ बाहेरून आणावा लागतो.