कंपनीनं गाडी परत बोलावलीय, पण ते तुम्हाला कळलंय का?

दिल्लीहून निघणारा राष्ट्रीय महामार्ग ४८ मुंबई, पुणे, सातारा, कोल्हापूर, बेळगाव, बेंगळुरू असा येत येत चेन्नईला पोहोचतो. चेन्नई जवळ आली की श्रीपेरुंबुदूरच्या पट्ट्यात इरुंगाट्टुकोट्टई इथं ह्युंदाईचा भलामोठा कारखाना दिसतो. क्रेटा इथलीच. जवळच ओरगडमला रेनो आणि निस्सानच्या गाड्या बनवणारा कारखाना. दक्षिणेच्या रस्त्यावर मरैमलै नगरला फोर्डचा. त्याच्याही पुढे महिंद्रा वर्ल्ड सिटीत महिंद्राचं संशोधन केंद्र, जिथं एक्सयूव्ही ७०० घडली आणि मग आपल्या चाकणच्या कारखान्यात तयार होऊ लागली. चेन्नईला 'आशियाचं डेट्रॉइट' म्हणतात ते उगीच नाही.

नोकरीसाठी चेन्नईत आलेली कितीतरी मराठी कुटुंबं सुट्टी लागली की याच महामार्गानं गावाकडे निघतात. पुण्यापर्यंतच जवळपास १,२०० किलोमीटर. पुढे आई-बाबा, मागे मुलं आणि आजी, डिकीत खाऊचे डबे. एवढ्या लांबच्या प्रवासाला मोठी गाडी हवी म्हणून आपण एसयूव्ही घेतो. उंच बसायला मिळतं, जागा भरपूर असते आणि गाडी दणकट वाटते. पण दणकट वाटणं आणि सुरक्षित असणं यात फरक आहे. तो फरक कधी कधी एका छोट्याशा क्लिपमुळे, बोल्टमुळे किंवा सेन्सरमुळे पडतो. अशी चूक कंपनीच्या लक्षात आली की ती गाड्या परत बोलावते. यालाच 'रिकॉल' म्हणतात.

रिकॉल म्हणजे गाडी वाईट?

बातमीत 'अमुक कंपनीनं हजारो गाड्या परत बोलावल्या' असं वाचलं की पोटात गोळा येतो. 'बरं झालं आपण ती घेतली नाही' असंही वाटतं. खरं तर रिकॉल म्हणजे गाडी कायमची काढून घेणं नव्हे. ठरावीक काळात तयार झालेल्या गाड्यांमध्ये एखादा भाग सदोष असण्याची शक्यता असते. त्या गाड्या सर्व्हिस सेंटरला बोलावून तपासतात आणि गरज असेल तर तो भाग मोफत बदलून देतात. बरेचदा हे काम काही तासांत होतं.

उदाहरणं पाहा. ऑगस्ट २०२३ मध्ये महिंद्रानं १,०८,३०६ एक्सयूव्ही ७०० गाड्या इंजिनजवळची वायरिंग तपासण्यासाठी बोलावल्या. ८ जून २०२१ ते २८ जून २०२३ या काळात बनलेल्या या गाड्या होत्या. याच एक्सयूव्ही ७०० ला त्याआधी, २०२१ मध्ये, ग्लोबल एनकॅपच्या क्रॅश टेस्टमध्ये ५ स्टार मिळाले होते. म्हणजे ५ स्टार असलेल्या गाडीचाही रिकॉल होऊ शकतो. क्रॅश टेस्ट गाडीची रचना तपासते, तर रिकॉल एखाद्या ठरावीक काळात बनलेल्या गाड्यांमधली चूक दुरुस्त करतो. दोन्ही वेगळ्या गोष्टी आहेत.

२०२४ च्या सुरुवातीला ह्युंदाईनं क्रेटा आणि व्हर्ना मिळून ७,६९८ गाड्या बोलावल्या. पेट्रोल इंजिनाला जोडलेल्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्समधल्या इलेक्ट्रॉनिक ऑइल पंपाच्या कंट्रोलरमध्ये दोष असण्याची शक्यता होती. या गाड्या १३ फेब्रुवारी ते ६ जून २०२३ या काळातल्या होत्या. तारखा किती नेमक्या असतात पाहा. शेजाऱ्यांच्या क्रेटाला बोलावणं आलं आणि तुमच्या क्रेटाला आलं नाही, असं अगदी सहज होऊ शकतं.

एकाच गाडीला पुन्हा पुन्हा बोलावणं

चेन्नईत बनलेल्या फोर्ड इकोस्पोर्टची गोष्ट तर वाचण्यासारखी आहे. २०१३ मध्ये आलेली ही छोटी एसयूव्ही खूप घरांची पहिली 'मोठी' गाडी ठरली. नंतर तिचे रिकॉल असे झाले:

नोव्हेंबर २०१५: १६,४४४ गाड्या. मागच्या सस्पेन्शनच्या ट्विस्ट बीमचे बोल्ट तपासण्यासाठी. नोव्हेंबर २०१३ ते एप्रिल २०१४ मधल्या गाड्या.

मे २०१६: सुमारे ४८,००० डिझेल गाड्या. इंधन आणि ब्रेकच्या नळ्या धरून ठेवणारी क्लिप बदलण्यासाठी. एप्रिल २०१३ ते जून २०१४ मधल्या गाड्या. शिवाय मागच्या फोल्डिंग सीटच्या बोल्टसाठी आणखी ७०० गाड्या.

जुलै २०१८: ४,३७९ पेट्रोल गाड्या. पुढच्या कंट्रोल आर्मचं वेल्डिंग तपासण्यासाठी, कारण त्याचा परिणाम स्टिअरिंगवर होऊ शकत होता. तसंच पुढच्या सीटच्या पाठीच्या लॉकसाठी १,०१८ गाड्या.

आता वरच्या तारखा पुन्हा बघा. २०१४ च्या जानेवारीत बनलेली डिझेल इकोस्पोर्ट पहिल्या दोन्ही याद्यांमध्ये असू शकते. त्यामुळे 'एकदा जाऊन आलो, आता काळजी नाही' असं म्हणून चालत नाही. फोर्डनं सप्टेंबर २०२१ मध्ये भारतात गाड्या बनवणं थांबवण्याचं जाहीर केलं आणि २०२२ मध्ये चेन्नईतून शेवटची इकोस्पोर्ट बाहेर पडली. सर्व्हिस आणि सुटे भाग देत राहू, असं कंपनीनं तेव्हाच सांगितलं होतं. तरी या गाड्या आता दुसऱ्या-तिसऱ्या मालकाकडे गेल्यात. त्या मालकांना जुन्या रिकॉलबद्दल कोण सांगणार?

निरोप नेमका कुठे हरवतो?

रिकॉलचा निरोप कंपनीकडे नोंदलेल्या पत्त्यावर आणि मोबाइल नंबरवर जातो. गाडी शोरूममधून घेतलेल्या पहिल्या मालकाची माहिती कंपनीकडे असते. पुढे काय होतं?

तुम्ही गाडी सेकंड हँड घेता. किंवा बदली होते. एनओसी घेऊन महाराष्ट्राच्या नंबरची गाडी तामिळनाडूत येते, नाहीतर इथली तिकडे जाते. मोबाइल नंबर बदलतो, घर बदलतं. वॉरंटी संपल्यावर गाडी कंपनीच्या सर्व्हिस सेंटरऐवजी कोपऱ्यावरच्या ओळखीच्या गॅरेजमध्ये जायला लागते. आरटीओच्या कागदांवर नाव तुमचं असतं, पण कंपनीच्या कॉम्प्युटरमध्ये अजून जुनाच मालक. निरोप त्याला जातो आणि तो म्हणतो, 'गाडी तर कधीच विकली!'

चेन्नई, मुंबई, कोकण अशा दमट हवेच्या भागात हे जास्त महाग पडू शकतं. टाकाता या जपानी कंपनीच्या एअरबॅगचं प्रकरण आठवत असेल. तिच्या इन्फ्लेटरमध्ये, म्हणजे बॅग फुगवणाऱ्या भागात, अमोनियम नायट्रेट वापरलेलं असायचं. वर्षानुवर्षं उष्ण आणि दमट हवेत राहून ते खराब होई. मग अपघाताच्या वेळी बॅग फुगण्याऐवजी इन्फ्लेटरच फुटून धातूचे तुकडे अंगावर येण्याचा धोका असे. जगभरात सुमारे १० कोटी इन्फ्लेटर परत बोलावले गेले आणि २०१७ मध्ये टाकाता दिवाळखोरीत गेली. अमेरिकेतही फ्लोरिडासारख्या उष्ण, दमट भागातल्या गाड्यांना आधी प्राधान्य दिलं गेलं.

आपल्याकडे जुलै २०१९ मध्ये फोर्डनं चेन्नईत बनलेल्या जुन्या एन्डेव्हरच्या २२,६९० गाड्या पुढच्या एअरबॅगचे इन्फ्लेटर तपासायला बोलावल्या. त्या फेब्रुवारी २००४ ते सप्टेंबर २०१४ या काळातल्या होत्या. म्हणजे काही गाड्या तेव्हाच १५ वर्षं जुन्या होत्या! 'आपली गाडी जुनी आहे, आता कसला रिकॉल' हा समज इथंच खोटा ठरतो.

कुजबुज नको, तक्रार हवी

रिकॉल म्हणजे कंपनीनं मालकाला दिलेली हाक. तशीच मालकानंही कंपनीला आणि सरकारला हाक द्यायची असते. पण आपण काय करतो? ब्रेक दाबताना विचित्र आवाज येतो, एअरबॅगचा दिवा मध्येच लागतो आणि विझतो, चालत्या गाडीची पॉवर अचानक जाते. आपण सर्व्हिस ॲडव्हायझरला तोंडी सांगतो, तो 'सगळ्याच गाड्यांना असतं' म्हणतो आणि आपण घरी येतो. ही तक्रार कुठेच नोंदली जात नाही.

आणि नोंदीलाच तर महत्त्व आहे. २०१२ पासून आपल्याकडे वाहन कंपन्यांच्या संघटनेची, सियामची, ऐच्छिक रिकॉलची आचारसंहिता होती. २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्यात बदल झाला आणि १ एप्रिल २०२१ पासून सक्तीच्या रिकॉलचे नियम लागू झाले. ७ वर्षांपेक्षा कमी वयाच्या गाड्यांना ते लागू आहेत. कंपनीला १० लाखांपासून १ कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. पण ही प्रक्रिया सुरू होते ती तक्रारींच्या संख्येवरून. ज्या कार किंवा एसयूव्हीची वर्षाला १०,००० हून जास्त विक्री होते, तिच्यासाठी हा आकडा १,२५० तक्रारींचा आहे. ५०१ ते १०,००० विक्री असेल तर १,०५०.

म्हणजे १,२४९ जणांनी तक्रार नोंदवली आणि तुम्ही 'जाऊ दे' म्हणालात, तर आकडा भरत नाही. तक्रार नोंदवण्यासाठी केंद्र सरकारच्या 'वाहन' पोर्टलवर रिकॉलची वेगळी सोय आहे.

एअरबॅग उघडली नाही तेव्हा

'मोठ्या कंपनीपुढे आपलं काय चालणार?' असं वाटत असेल तर ही एक केस माहीत असू द्या.

दिल्लीच्या एका ग्राहकानं ऑगस्ट २०१५ मध्ये क्रेटा घेतली. एअरबॅग आहेत, म्हणून घेतली. नोव्हेंबर २०१७ मध्ये दिल्ली-पानिपत महामार्गावर गाडीला अपघात झाला. डोक्याला, छातीला आणि दातांना मार लागला, पण पुढच्या एअरबॅग उघडल्याच नाहीत. समोरून पुरेसा जोराचा धक्का बसला नव्हता, असं कंपनीचं म्हणणं होतं. दिल्लीच्या राज्य ग्राहक आयोगानं ग्राहकाच्या बाजूनं निकाल दिला, राष्ट्रीय आयोगानं तो कायम ठेवला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं.

२० एप्रिल २०२२ ला न्यायालयानं कंपनीचं अपील फेटाळलं. किती वेगानं आणि किती जोरानं धडक बसली याचं गणित मांडायला ग्राहक काही भौतिकशास्त्राचा तज्ज्ञ नसतो, असं न्यायालयानं म्हटलं. समोरून धडक बसली तर एअरबॅग उघडेल, एवढ्या भरवशावर तो गाडी घेतो. वैद्यकीय खर्च आणि बुडालेलं उत्पन्न यांसाठी २ लाख, मनस्तापासाठी ५० हजार आणि खटल्याच्या खर्चाचे ५० हजार, शिवाय गाडी बदलून द्यायची, हा आदेश कायम राहिला.

अपघात ते निकाल, साडेचार वर्षं लागली. वाट सोपी नव्हती. पण आता त्या वाटेनं जाणाऱ्या प्रत्येकाला या निकालाचा आधार आहे.

आता तुम्ही काय कराल?

१. आरसी काढा आणि चासी नंबर शोधा. कंपनीच्या वेबसाइटवरच्या रिकॉलच्या पानावर हा नंबर टाकला की तुमची गाडी यादीत आहे का ते कळतं. तिथं जमलं नाही तर कंपनीच्या कस्टमर केअरला फोन करून विचारा. वर्षातून दोनदा तरी, आणि लांबच्या प्रवासाआधी नक्की, हे करा.

२. सेकंड हँड गाडी घेताना टायर आणि इन्शुरन्सबरोबर 'रिकॉलचं काही काम बाकी आहे का?' हेही विचारा. गाडी नावावर झाली की कंपनीकडेही आपला नंबर आणि पत्ता बदलून घ्या.

३. तक्रार जॉब कार्डवर लिहूनच घ्या. तारीख, किलोमीटर आणि नेमकं काय झालं हे त्यात हवं. डॅशबोर्डवर दिवा लागला तर फोटो किंवा व्हिडिओ काढा, पण तो शेजारी बसलेल्यानं, चालवणाऱ्यानं नव्हे.

४. बाहेरून भर घालताना जपा. गाडीच्या पुढे लावलेले बुल गार्ड एअरबॅगच्या सेन्सरच्या कामात अडथळा आणू शकतात, ते बेकायदाही आहेत. सीटमध्ये साइड एअरबॅग असेल तर साधं सीट कव्हर तिची वाट अडवतं. आणि वायरिंग कापून जोडलेले लाइट किंवा हॉर्न असतील, तर दोष कंपनीचा की आपला, हा वाद उभा राहतो.

५. बेल्ट सगळ्यांना, मागच्या सीटवरही. एअरबॅग ही बेल्टच्या मदतीला असते, त्याच्या जागी नसते. लहान मुलांना मागेच बसवा. मागे तोंड करून बसवायची बेबी सीट एअरबॅगसमोर कधीही ठेवू नका.

६. कंपनी दाद देत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर फोन करा. त्यानंही काम झालं नाही तर ग्राहक आयोग आहे. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे तुम्ही जिथं राहता तिथल्या आयोगात तक्रार करता येते. गाडी पुण्यात घेतली आणि राहता चेन्नईत, तरी चालतं. मुदत २ वर्षांची आहे. वकील लावायलाच हवा असं नाही.

गाडी घेताना आपण घरात किती दिवस चर्चा करतो! रंग, मायलेज, सनरूफ, हप्ता. तेवढीच चर्चा गाडी घेतल्यानंतरही व्हायला हवी. पुढच्या वेळी त्या १,२०० किलोमीटरच्या रस्त्याला लागण्याआधी हवा, पाणी, ऑइल तपासाल, तेव्हा त्या यादीत चासी नंबरही लिहून ठेवा. हे काम घरातल्या दहावीतल्या मुलालाही फोनवर पाच मिनिटांत करता येईल. त्यालाच सांगा, तोही जबाबदारीनं करेल.