लोहाराचा घण, फाउंड्रीचं ओतकाम : देवघेवीतून हत्यार

गाळप हंगाम जवळ आला की आपल्या गावातल्या लोहाराच्या भट्टीला उसंत नसते. कोयते शेवटायचे, खुरप्यांना धार द्यायची, बैलगाडीच्या धावा बसवायच्या. कारखान्याचा बॉयलर पेटण्याआधी गावचा भाता पेटतो, असं म्हटलं तर वावगं होणार नाही. तरीही ऊस, खत, पाणी यांवर आपण जितकं बोलतो, तितकं या हत्यारांबद्दल बोलत नाही. म्हणून या अंकात लोहारदादांच्या एका अडचणीविषयी, आणि त्यांनीच काढलेल्या वाटेविषयी लिहीत आहोत.

अडचण अशी की लोहार दुसऱ्याची हत्यारं घडवतो, पण त्याच्या स्वतःच्या हत्यारांना कुणी वाली नाही. कित्येक भट्ट्यांवर ऐरण म्हणून रुळाचा तुकडा असतो. गोल कडी, पन्हळीचा बाक, चौकोनी मान हे सगळं तो नजरेच्या अंदाजानं ठोकतो. चहूबाजूंनी अर्धगोल, त्रिकोणी, चौकोनी खाचा आणि मध्ये आरपार भोकं असलेला ओतीव ठोकळा हाताशी असला, तर हेच काम निम्म्या वेळात आणि एकसारखं होतं. पण ठोकळा घडवता येत नाही, तो ओतावाच लागतो. ओतकाम हा निराळा धंदा, आणि रोख पैशाची लोहाराकडे कायमच ओढ.

आमच्या भागातल्या एका लोहारदादांनी यावर जुनाच उपाय नव्यानं केला. फाउंड्रीत गेले अन् सरळ म्हणाले, "पैसं न्हाईत मालक, काम करून देतो. तेवढा ठोकळा ओतून द्या." मालकांनीही हिशेब केला. फाउंड्रीला रोज काय लागतं? साच्याच्या पेट्या आवळायचे चाप, तापलेला माल धरायच्या लांब सांडशी, रसावरची मळी ओढायचे दांडे, वाळूत वाफेला वाट करायच्या सळ्या, पॅटर्न उचलायचे आकडे. हे सारं घडवीव काम. "मिस्त्री, एवढं करून देता न्हवं? मग जमलं," असं म्हणून सौदा ठरला. बलुत्याच्या काळात सुगीला धान्य मिळायचं, इथं हत्याराला हत्यार मिळालं.

घण आणि ओतकाम यांची ही जोडी आपल्या मुलखाला नवी नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९०३ साली बेळगावात लोखंडी नांगर केला, तेव्हा लोखंडानं जमीन नासेल म्हणून शेतकरी तो घ्यायला धजत नव्हते. १९१० साली औंध संस्थानात किर्लोस्करवाडी उभी राहिली, आणि पुढं तोच नांगर गावोगाव गेला. पण नांगर कारखान्यातला असला तरी शेताच्या बांधावर तो चालू ठेवला गावच्या लोहारानंच.

ज्यांना असा ठोकळा ओतून घ्यायचा असेल, त्यांच्यासाठी चार गोष्टी :

१. आधी सुताराकडून लाकडी पॅटर्न करून घ्यावा. बीड थंड होताना आकसतं, म्हणून फुटाला सुमारे १ सूत माप जादा धरावं. पोलाद ओतायचं असेल तर फुटाला २ सूत.

२. पॅटर्नच्या बाजू किंचित निमुळत्या ठेवाव्या. सरळ उभ्या ठेवल्या तर पॅटर्न उचलताना वाळूचा काठ ढासळतो.

३. वजनाचा अंदाज आधीच काढावा. १ फूट लांब, १ फूट रुंद, ४ इंच जाड भरीव ठोकळा बिडाचा केला तर सुमारे ६८ किलो भरतो. खाचा आणि भोकं त्यातून वजा. वजन कळलं की देवघेवीत कुणाची फसगत होत नाही.

४. ऐरण मात्र साध्या बिडाची ओतू नये. त्यातलं ग्रॅफाइट पापुद्र्यांसारखं पसरलेलं असतं, त्यामुळं घणाच्या घावानं कडा उडतात, आणि घण उसळून परतही येत नाही. खाचांच्या ठोकळ्याला बीड चालतं, कारण त्यावर तापलेलं, मऊ लोखंड ठोकायचं असतं. त्यातही एस. जी. बीड मिळालं तर उत्तम. मॅग्नेशियममुळं त्यातलं ग्रॅफाइट गोळ्यांसारखं होतं आणि ठोकळा सहसा तडकत नाही. ऐरणीला पोलादच हवं.

बोलणी तोंडी झाली तरी एका कागदावर लिहून ठेवावी. किती नग, कोणत्या मापाचे, पॅटर्न कुणाचा आणि काम झाल्यावर तो कुणाकडे राहणार, ओतकामात पोकळी निघाली तर पुन्हा ओतून देणार का. पॅटर्न शक्यतो लोहारानं आपल्याकडेच ठेवावा. एकाच्या पॅटर्नवर शेजारच्या चार गावांचे ठोकळे ओतता येतात.

आता सभासद म्हणतील, यात आमचा काय संबंध? संबंध थेट टनेजशी आहे. उसाच्या बुडख्यात साखर जास्त. बोथट कोयत्यानं तोडणी जमिनीलगत होत नाही, दोन-तीन बोटं ऊस शेतातच राहतो. शिवाय खोडकी चिरफाळते, आणि चिरलेल्या खोडकीवर खोडवा नीट फुटत नाही. गाडीच्या पाट्याचं पोलाद घेऊन, तापवून, तेलात विझवून आणि मग बेतानं पुन्हा ऊब देऊन ज्यानं कोयता केला, त्याची धार टिकते. हे कसब बाजारात वजनावर मिळत नाही. ते गावात आहे तोवर आहे. भट्टी एकदा विझली, की पोरगं शहराची वाट धरतं आणि पुन्हा भाता कुणी ओढत नाही.

म्हणून आमची सूचना साधी आहे. प्रत्येक गटातल्या सभासदांनी आपल्या लोहाराला काय हवं ते एकदा विचारावं. मोडका चरक, फुटकी बिडाची पुली, जुन्या पंपाचं कवच आपल्या गोठ्यामागं गंजत पडलेलं असतं. ते भंगारवाल्याला देण्याऐवजी लोहाराच्या नावे फाउंड्रीत जमा केलं, तर ठोकळ्याचा निम्मा माल तिथंच झाला. उरलेलं काम तो आपल्या घणानं फेडील, आणि पुढच्या तोडणीला त्याच्या हातचा कोयता आपल्याच फडात चालेल.